गुलाबचंदचं पाणी

कस्तुरबाई ओसवालांच्या घरात न गाळलेलं पाणी कशालाच वापरलं जात नसे. नळाचं पाणी हंड्यात घेताना एकदा गाळायचं, पिण्यासाठी उकळायला ठेवताना पुन्हा गाळायचं, आणि गाळण्यात जे काही राहील ते हलक्या हातानं परत बिनगाळलेल्या पाण्यात सोडायचं, कारण त्यातही जीव असतात. घोडेगावच्या बाजारपेठेत खाली कापडाचं दुकान आणि वर घर. त्या घरात लग्न होऊन आल्यापासून तेहतीस वर्षं हा नेम चालला होता. म्हणून २००५ च्या दिवाळीला धाकटी सिद्धी पुण्याहून आली आणि तिनं झाकणाला भोकं पाडलेला, पाण्यानं भरलेला एक डबा स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवला, तेव्हा कस्तुरबाईंनी सगळ्यात आधी पाण्याचंच विचारलं.

"गाळलंय का हे?"

"मम्मी, आत काय आहे ते तरी बघ."

आत अर्ध्या वितीएवढा एक पांढराफटक प्राणी होता. अंग पांढरं, डोळे मोहरीएवढे काळे, चार इवलेसे हातपाय, माशासारखी शेपूट, आणि मानेच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन गुलाबी झुबके. तोंड असं की कायम हसतोय.

"पाल आहे की मासा?"

"दोन्ही नाही. बेडकाच्या नात्यातला आहे. ॲक्सोलॉटल म्हणतात. मेक्सिकोतला."

"मग मेक्सिकोतून आपल्या ओट्यावर कशाला आलाय?"

सिद्धीनं सांगितलं. ती पुण्याला प्राणिशास्त्र शिकत होती. तिचे सर निवृत्त झाले, त्यांनी प्रयोगशाळेत पाळलेले हे प्राणी विद्यार्थ्यांना वाटून टाकले, आणि एक तिच्या वाट्याला आला. होस्टेलवर ठेवू देत नाहीत. आणि जानेवारीत तर ती पुढच्या अभ्यासाला बंगलोरला निघाली होती.

"दोनच महिने ठेव मम्मी. तिकडं माझी राहायची सोय झाली की घेऊन जाईन."

कस्तुरबाईंनी लेकीचं लग्न या वर्षी करायचं ठरवलं होतं. लेकीनं बंगलोर ठरवलं होतं. त्यावरून आधीच घरात धुसफूस चालू होती, आणि आता ही भर. पण डब्यातला प्राणी एका हातानं डब्याची कड चाचपत त्यांच्याकडं बघत होता. घरी आलेल्या जिवाला बाहेर काढायचं कसं? त्या म्हणाल्या, "दोन महिने. एक दिवस वर नाही."

सिद्धीनं मागच्या खोलीत, जिथं ऊन येत नाही तिथं, काचेची टाकी मांडली. लपायला म्हणून फुटक्या माठाचं खापर उपडं ठेवलं. बाकी तळ मोकळाच. मग तिनं आईला सगळं समजावलं. याला गार पाणी लागतं. थर्मामीटरवर वीसच्या रेघेला तिनं लाल नेलपॉलिश लावलं. पारा त्याच्या खालीच राहिला पाहिजे. नळाचं पाणी एक दिवस उघडं ठेवून मगच वापरायचं, म्हणजे त्यातलं क्लोरीन उडून जातं. सगळं पाणी एकदम बदलायचं नाही, दर चार दिवसांनी थोडं थोडं. हात लावायचा नाही, कातडी फार नाजूक असते. तळाशी खडे, वाळू काही टाकायचं नाही.

"आणि खायला?"

"या पाकिटातल्या गोळ्या. दोन दिवसांनी चार-पाच."

कस्तुरबाईंना यातलं अवघड काहीच वाटलं नाही. पाणी निवळणं, गाळणं, झाकून ठेवणं हेच तर त्या आयुष्यभर करत आल्या होत्या. गालाजवळच्या झुबक्यांवरून त्यांनी त्याचं नाव ठेवलं गुलाबचंद.

"अगं, ते माझ्या आतेभावाचं नाव आहे," त्यांचे यजमान सुभाषचंद म्हणाले.

"मग काय झालं? तेही गोरेच आहेत."

जानेवारीत सिद्धी बंगलोरला गेली. संक्रांतीला थोरला मुलगा जिनेश चिंचवडहून आला. तो टाकीपाशी उभा राहून सहज गोळ्यांच्या पाकिटावरची बारीक अक्षरं वाचायला लागला आणि मधेच थांबला.

"मम्मी, यात काय असतं माहितीये का तुला?"

"काय असतं?"

"माशांचा भुगा. कोळंबीचा भुगा."

कस्तुरबाई उठल्या. मोरीत जाऊन त्यांनी दोनदा हात धुतले. दोन महिने त्या आपल्या हातानं, पोराला शेंगदाणे द्यावेत तशा, त्या गोळ्या टाकत होत्या. त्यांनी सिद्धीला फोन लावला.

"तू मला सांगितलं नाहीस."

पलीकडं सिद्धीला लगेच समजलं. "सांगितलं असतं तर तू त्याला ठेवलाच नसतास, मम्मी."

"नसताच ठेवला," असं म्हणून त्यांनी फोन खाली ठेवला. पाकीट कागदात गुंडाळून घराबाहेर गेलं.

आता गुलाबचंदला द्यायचं काय? त्यांनी भिजवलेली मुगाची डाळ दिली. तोंडाजवळ येईल ते तो आधी गप्पकन ओढून घ्यायचा, क्षणभर विचार केल्यासारखा थांबायचा आणि थुंकून टाकायचा. डाळ थुंकली. पनीरचा तुकडा थुंकला. उकडलेला दुधी थुंकला. पाणी मात्र गढूळ झालं आणि ते निवळायला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत कस्तुरबाई टाकीजवळ गेल्या की तो खापराखालून निघून काचेपाशी यायचा आणि झुबके हलवत उभा राहायचा. त्यांना स्वतःला जेवण जाईना.

"नदीला सोडून देऊ," सुभाषचंद म्हणाले.

"घोड नदीच्या पाण्यात तो उन्हाळ्यापर्यंत जगायचा नाही. आणि जगला तर नदीतले जीव खाईलच की."

"मग पांजरपोळात देऊ."

"तिथं गाई आहेत. ते लोक याला कडबा घालतील."

मंगळवारी ठमाबाई आल्या. ठमाबाई डिंभ्याच्या अलीकडच्या एका वाडीतल्या. घरची शेती, मंगळवार-शुक्रवार भाजी घेऊन घोडेगावला यायच्या आणि सुभाषचंदांच्या दुकानाच्या ओट्यावर पाटी टेकवून बसायच्या. पंचवीस वर्षं त्यांचं हेच ठिकाण. कस्तुरबाई खाली यायच्या, भाजी घ्यायच्या, दोघी घटकाभर बोलायच्या. पण ठमाबाई कधी जिना चढून वर गेल्या नव्हत्या आणि कस्तुरबाई कधी त्यांच्या वाडीला गेल्या नव्हत्या.

"भाबी, त्वांड का उतरलंय आज?"

कस्तुरबाईंनी सगळं सांगितलं. ठमाबाईंनी पाटीवर फडकं टाकलं आणि पदर खोचून सरळ वर आल्या. टाकीत वाकून बघितलं आणि गालावर हात ठेवला.

"आगं बया! ह्येला हात बी हायेत की. अन् चार दिस उपाशी ठिवलाय व्हय लेकराला?"

"काय करू ठमाबाई? त्याला जिवंत काहीतरी लागतं. जिनेशनं सिद्धीला विचारलं, ती म्हणते, गांडुळं त्याला सगळ्यात चांगली. पण मी माझ्या हातानं एका जिवाच्या तोंडात दुसरा जीव कसा घालू?"

"तुमी नका घालू. मी घालती. आमच्या मालकांनी गांडूळखताचा हौद केलाय, लई गांडुळं हायेत."

"पण घर माझं. घाला म्हणणारी मी. पाप माझ्याच पदरात पडणार ना?"

"मंग निम्मं माज्या पदरात टाका. माजा पदर मोठा हाय."

कस्तुरबाईंना हसू आलं, पण त्यांनी लगेच हो म्हटलं नाही. लहानपणी जैन पाठशाळेत शिकलेलं त्यांना आठवत होतं. गांडूळ बेइंद्रिय, म्हणजे दोन इंद्रियांचा जीव, त्याला स्पर्श कळतो आणि चव कळते. गुलाबचंद पंचेंद्रिय, त्याला सगळंच कळतं. भूकही कळते, आणि माणूस जवळ आलेलंही कळतं. एकाला वाचवायचं तर दुसरा जातो, आणि काहीच केलं नाही तर आपल्या दारात आलेला जातो. यातून स्वच्छ सुटायची वाटच नव्हती. तीन दिवस त्यांनी हेच घोळवलं आणि शुक्रवारी ठमाबाईंना सांगितलं, "घाला. पण ज्या दिवशी तो खाईल त्या दिवशी मी एकासणं करीन. दिवसातून एकदाच, एका बैठकीला जेवीन. आणि त्या गांडुळांची माफी मागीन."

"मागा की. त्येस्नी बी बरं वाटंल," ठमाबाई म्हणाल्या. त्या हे अगदी मनापासून म्हणाल्या.

ठमाबाईंनी त्या शुक्रवारी येतानाच खताच्या हौदातली लालसर गांडुळं आणली होती. कस्तुरबाई टाकीकडं पाठ करून, डोळे मिटून नवकार मंत्र म्हणत उभ्या राहिल्या.

"झालं का?"

"कशाचं झालंय! थुकला. नखरा बघा मेल्याचा."

मंगळवारी ठमाबाईंनी दुसरी आणली, शेतातल्या दांडाकडेच्या अळवातली. ती काळपट, मऊ मातीतली. स्वच्छ पाण्यात खळबळून घेऊन त्यांनी एक टाकलं. कस्तुरबाईंचा नवकार पुरा व्हायच्या आत मागून आवाज आला, "ग्येलं! भाबी, ग्येलं! दुसरं बी ग्येलं!"

कस्तुरबाई वळल्या तेव्हा गुलाबचंद खापरावर हातपाय पसरून पडला होता. त्यांनी आधी मनात 'मिच्छा मि दुक्कडं' म्हणून माफी मागितली आणि मग त्यांना इतकं हलकं वाटलं की त्या भिंतीला टेकून खालीच बसल्या.

त्या दिवशी ठमाबाईंना त्यांनी चहा दिला, पण स्वतः घेतला नाही; एकासण्याचं जेवण व्हायचं होतं. ठमाबाईंनी कप बाजूला सारला. "तुमी घेईना, अन् मी एकटीच कशी भुरके मारू?" तेव्हापासून कस्तुरबाईंनी मंगळवार-शुक्रवारची आपली जेवायची वेळ ठमाबाईंच्या येण्यावर बांधली. भाजी विकून झाली की ठमाबाई वर यायच्या, गुलाबचंदला खाऊ घालायच्या, हात धुवायच्या आणि दोघी जेवायला बसायच्या. ठमाबाईंची भाकरी, कस्तुरबाईंची मुगाची डाळ आणि पापडाची भाजी. सुभाषचंद खालून हाका मारायचे आणि कंटाळून आपलं आपण वाढून घ्यायचे.

आठ दिवसांनी कस्तुरबाईंनी बंगलोरला फोन लावला.

"गुलाबचंदच्या कातडीवर बुरशी वगैरे काही नाहीये. आज चार गांडुळं खाल्ली."

 सिद्धी म्हणाली, "मम्मी, सॉरी."

"ते राहू दे. झुबके किती लांब असायला पाहिजेत ते सांग. डावीकडचा मधला मला जरा आखूड वाटतोय."

त्याआधी मायलेकींचा फोन म्हणजे कुठल्या तरी मुलाची माहिती, मग सिद्धीचं 'नको' आणि मग दोन्हीकडं शांतता. आता झुबक्यांवर पंधरा मिनिटं जायची. दोन महिन्यांची मुदत संपून गेली, पण तो विषय दोघींपैकी कोणीच काढला नाही.

एप्रिल लागला आणि उकाडा सुरू झाला. त्या वर्षी लोडशेडिंगही असं, की सकाळी गेलेली वीज दुपारी यायची आणि संध्याकाळी पुन्हा जायची. पारा नेलपॉलिशच्या रेघेवर चढला, पंचवीसला टेकला. गुलाबचंद खाईना. कस्तुरबाईंना माठ आठवला. पाणी पाझरतं, वाळतं आणि म्हणून गार राहतं. त्यांनी दुकानातून मांजरपाट मागवलं, ते ओलं करून टाकीभोवती गुंडाळलं, खालची कड पाण्याच्या परातीत सोडली आणि खिडकी उघडून वारा येऊ दिला. पारा चार रेघा उतरला. शिवाय फ्रीजमध्ये पाण्याच्या बाटल्या गोठवून एकेक टाकीत तरंगत ठेवायच्या. दिवसातून सहा वेळा त्या थर्मामीटर बघायच्या. सुभाषचंद गिऱ्हाइकांना सांगायचे, "आमच्याकडं एक पाहुणे आहेत, त्यांना मांजरपाट फार लागतं."

त्यांनाही गुलाबचंदचा लळा लागला होता. म्हणूनच पुढचं घडलं. मे महिन्यात ते एका लग्नाला मढकडं गेले होते. तिथं ओढ्याच्या पात्रात त्यांना छान गुळगुळीत खडे दिसले, काळे, तपकिरी, एक तर मधासारखा. बिचाऱ्याची टाकी उघडीबोडकी दिसते, असं त्यांच्या मनात होतंच. चौदा खडे त्यांनी रुमालात बांधून आणले, धुतले आणि कस्तुरबाई देवळात गेल्या असताना तळाशी नीट मांडून ठेवले. कस्तुरबाईंनी आल्यावर बघितलं, त्यांनाही ते बरं दिसलं. तळाशी काही टाकायचं नाही हे सिद्धीचं सांगणं सात महिन्यांत त्यांच्याही डोक्यातून गेलं होतं.

तिसऱ्या दिवशी गुलाबचंद पाण्यावर तरंगायला लागला. खाली जायला धडपडायचा आणि पुन्हा बुचासारखा वर यायचा. पोट एका बाजूला फुगलेलं, शेपटीचं टोक वळलेलं, झुबके पुढं मुडपलेले. ठमाबाईंनी आणलेल्या गांडुळाकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही.

सिद्धीनं फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मम्मी, टाकीत नवीन काही ठेवलंय का?"

"पप्पांनी खडे आणलेत. छान आहेत."

"किती?"

"चौदा."

"मोज."

कस्तुरबाईंनी मोजले. पुन्हा मोजले. अकरा होते.

सुभाषचंद पायरीवरच बसले. "मी मारला त्याला," ते म्हणाले.

"अजून कोणी मारलेला नाही," कस्तुरबाई म्हणाल्या आणि पुन्हा फोन कानाला लावला. "आता काय करायचं ते सांग."

सिद्धीनं सांगितलं ते त्यांनी दोनदा विचारून घेतलं, कारण एकदा ऐकून विश्वास बसेना. गुलाबचंदला झाकणाच्या डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवायचं होतं. थेट नाही, आधी डबा गार पाण्याच्या परातीत ठेवून हळूहळू गार करायचा, मग फ्रीजच्या खालच्या कप्प्यात. गारठ्यात त्याचं शरीर संथ होतं, आतडी मोकळी होतात, आणि खडे बाहेर पडायची शक्यता असते. रोज डब्यातलं सगळं पाणी बदलायचं, पण नवं पाणीही तेवढंच गार हवं. खायला काही द्यायचं नाही.

त्या फ्रीजमध्ये आजवर कांदा गेला नव्हता, बटाटा गेला नव्हता. दूध, दही, ताक, लोणच्याला आणलेल्या हिरव्या मिरच्या, एवढंच त्याला माहीत. कस्तुरबाईंनी खालचा कप्पा रिकामा केला, पुसला, स्वच्छ कापड अंथरलं आणि गुलाबचंदचा डबा आत ठेवला.

दुपारी सुभाषचंद ताक घ्यायला गेले आणि फ्रीज उघडून तसेच उभे राहिले.

"अगं, हा माझ्याकडं बघतोय."

"तुमच्याच खड्यांमुळं बघतोय. दार लावा, गारवा जाईल."

वीज जायची तेव्हा फ्रीजचं दार उघडायला बंदी. गेलीच जास्त वेळ, तर गोठवलेल्या बाटल्या डब्याच्या दोन्ही बाजूंना. पहिले दोन दिवस काहीच झालं नाही. गुलाबचंद डब्याच्या तळाशी निपचित, फक्त एखादा झुबका मधूनच हलायचा. शुक्रवारी ठमाबाई आल्या, त्यांनी दार उघडून बघितलं आणि फ्रीजलाच हात जोडले. तिसऱ्या दिवशी पाणी बदलताना डब्यात टक् असा आवाज आला. मधाच्या रंगाचा तो खडा होता. पाचव्या दिवशी उरलेले दोन्ही पडले.

कस्तुरबाईंनी तीनही खडे धुतले आणि खाली जाऊन दुकानात बसलेल्या सुभाषचंदांच्या तळहातावर ठेवले.  त्यांनी खडे खिशात टाकले आणि उठून ठाणातून दोन मीटर नवं मांजरपाट फाडलं. "जुनं कुबट झालं असेल," एवढंच म्हणाले.

आणखी दोन दिवसांनी गुलाबचंद हळूहळू टाकीत परत गेला आणि त्यानंतरच्या मंगळवारी त्यानं एक गांडूळ खाल्लं. पावसाळा आला, हवा गार झाली, आणि तो चांगला वीत-सव्वा वीत लांब आणि गरगरीत झाला. इतका गरगरीत, की ठमाबाई म्हणाल्या, "भाबी, एकासण्यानं तुमी वाळताय अन् ह्यो फुगतोय."

त्याचं कारण जानेवारीत कळलं. थंडी कडाक्याची पडली होती. एका सकाळी कस्तुरबाईंनी बघितलं तर खापरावर, काचेवर, सगळीकडं भिजवलेल्या साबुदाण्यासारखे दाणे चिकटले होते. प्रत्येक दाण्यात एक काळा ठिपका. त्यांनी लगेच फोन लावला.

सिद्धी इतकी हसली की फोन तिच्या हातातून पडायला आला. "मम्मी, अंडी आहेत ती! आणला तेव्हा लहान होता, कळत नव्हतं. गुलाबचंद मादी आहे!"

"आणि यातून..." कस्तुरबाई दाणे मोजायला लागल्या. शंभर, दोनशे तोंडं. प्रत्येकाला गांडुळं. "यातून जीव होणार?"

"नर नाहीये ना. मग नाही होणार. नुसतीच अंडी, त्यांत जीव नाही. दोन दिवसांनी पांढरी पडतील, काढून टाक."

कस्तुरबाईंनी एवढा मोठा श्वास सोडला की तो सिद्धीला बंगलोरला ऐकू गेला.

नाव बदलायचं की नाही, यावर घरात चर्चा झाली. जिनेशनं गुलाबबाई सुचवलं. ठमाबाईंनी निकाल दिला. "आमच्या चुलतसासूचं नाव दगडाबाई. ती कुटं दगड व्हती? ऱ्हाऊ द्या हाय तेच."

फेब्रुवारीत एक मंगळवार ठमाबाई आल्या नाहीत. शुक्रवारीही नाहीत. बाजाराला आलेल्या एका बाईनं सांगितलं, बांधावरून घसरल्या, पाय मुरगळलाय. शनिवारी सकाळी कस्तुरबाईंनी पिशवीत खाकरे आणि हळद-लेपाचं सामान घेतलं, उकळलेल्या पाण्याची बाटली घेतली आणि डिंभ्याकडं जाणाऱ्या एसटीत बसल्या. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा.

ठमाबाई ओसरीत बाजेवर होत्या, पाय उशीवर. कस्तुरबाईंना बघून त्या उठायलाच लागल्या.

"पडून राहा," कस्तुरबाई म्हणाल्या आणि बाजेच्या कडेला बसून त्यांनी स्वतः लेप लावला. ठमाबाईंचे यजमान भिमाजी दारात अवघडून उभे होते. 

"भाबी, पावण्या म्हणून आलाय, अन् मला चूल बी पेटवता येईना."

"मी खाकरे आणलेत. दोघी खाऊ. नाही, थांबा, आज नको. आज मला एकदाच जेवायचंय. घरी जाऊन."

ठमाबाईंनी मान वर केली. "आज? आज तर शनवार."

"आठ दिवस झाले तिला खाऊन." कस्तुरबाई लेपाचा हात पुसत राहिल्या. "ठमाबाई, मी वर्षभर पाठ करून उभी राहिले. तुम्ही घालायच्या, मी डोळे मिटायची. मला वाटायचं त्यानं माझा हात स्वच्छ राहतो. खरं म्हणजे मी फक्त तुमचा हात पुढं केला."

"मला काय न्हाई झालं त्यानं."

"तुम्हाला नाही झालं. मला झालं. भिमाजीभाऊ, ते अळू कुठं आहे, दाखवता का?"

दांडाच्या कडेला अळवाची हिरवीगार पानं होती. पलीकडं शेतं उतरत गेली होती आणि त्यांच्याही पलीकडं धरणाची भिंत दिसत होती. भिमाजींनी खुरप्यानं माती उकरली, पाच-सहा गांडुळं निवडली आणि ओल्या मातीसकट अळवाच्या पानात बांधून दिली. कस्तुरबाई त्या उकरलेल्या जागेपाशी जरा वेळ हात जोडून उभ्या राहिल्या. भिमाजींनी टोपी काढून हातात घेतली, का ते त्यांनाही कळलं नाही.

परतीची एसटी यायला दीड तास लागला. कस्तुरबाई फाट्यावरच्या झाडाखाली पुडकं मांडीवर घेऊन बसल्या. पान उन्हात सुकू नये म्हणून बाटलीतलं पाणी त्यावर शिंपडत राहिल्या. शेजारी बसलेल्या बाईनं विचारलं, "काय हाय, भाजी व्हय?" त्या म्हणाल्या, "नाही, गांडुळं आहेत," आणि ती बाई जरा सरकून बसली.

घरी पोचल्यावर त्यांनी हातपाय धुतले, सामायिकाची, म्हणजे ध्यानाला बसायची, शाल तशीच बाजूला ठेवली आणि मागच्या खोलीत गेल्या. गुलाबचंद काचेपाशी आलीच होती. कस्तुरबाईंनी लांब चिमट्यानं एक गांडूळ उचललं, त्याची माफी मागितली आणि डोळे उघडे ठेवून पाण्यात सोडलं. मग दुसरं.  गुलाबचंदनं चार खाल्ली आणि पाचव्याकडं पाठ केली. पाचवं गांडूळ कस्तुरबाईंनी बाहेर काढून तुळशीच्या कुंडीत मातीखाली ठेवलं आणि वर थोडं पाणी शिंपडलं.

तेवढ्यात फोन वाजला. सिद्धी होती.

"पप्पा म्हणाले तू डिंभ्याला गेली होतीस. ठमाबाई कशा आहेत? आणि गुलाबचंदला कोणी घातलं मग?"

"ठमाबाई बऱ्या आहेत, पंधरा दिवसांनी चालायला लागतील. आणि मी घातलं."

"तू?"

"मी. चार खाल्ली. झुबके छान फुललेत." कस्तुरबाईंनी खिडकीतून बाहेर बघितलं. "आता ठेव फोन. सूर्य कलायला लागलाय आणि मला तो मावळायच्या आत जेवायचंय. उद्या सावकाश बोलू."